शीट टेबलावर ठेवा, चहाच्या ग्लासाखाली नको!

शनिवारी रात्री नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लबात पूलच्या सहा फ्रेम खेळलो. ब्रेक, म्हणजे रचलेले बॉल फोडायचा पहिला फटका, आलटूनपालटून; त्यातले तीन माझे. तिन्ही वेळा एकच आवाज आला: ठप्प. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. घट्ट लागलेला रॅक, म्हणजे एकमेकांना टेकवून त्रिकोणात रचलेले बॉल, फुटतो तेव्हा कडकन आवाज येतो, शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघतो. इथे पुढचे चार बॉल इकडेतिकडे गेले आणि मागची ओळ जागच्या जागी. सहा-सात बॉलचा गठ्ठा तसाच चिकटलेला. तिसऱ्या ब्रेकला तर ज्याने फटका मारायचा तो पांढरा बॉलच आडवा पळाला आणि मधल्या पॉकेटात पडला. फाऊल. समोरच्याच्या हातात पांढरा आणि सगळं टेबल मोकळं. हरेल त्याने टेबलचे पैसे द्यायचे, त्यामुळे दोन तासांचे पैसे मीच भरले. पैसे गेल्याचा राग नाही. ज्या ब्रेकवर मी गेली दोन वर्षं मेहनत घेतोय, तो मार्करने, म्हणजे क्लबात टेबल सांभाळणाऱ्या माणसाने, चार सेकंदांत लावलेल्या ढिल्या रॅकवर वाया जातो, याचा राग आहे.

आणि वैताग असा की यावरचा उपाय माझ्याकडे आहे. मीच विकत आणलाय. टेम्प्लेट रॅक. प्लास्टिकची पातळ शीट, कागदापेक्षा किंचित जाड, तिच्यात बॉल बसायला भोकं. टेबलावर पसरायची, भोकांत बॉल ठेवायचे, झालं. ट्रँगल, म्हणजे बॉल रचायची नेहमीची तिकोनी चौकट, उचलताना बॉल मागे सरकतात तो प्रश्नच उरत नाही, कारण उचलायला ट्रँगलच नाही. भोकांमधलं अंतर बॉलच्या व्यासापेक्षा जरासं कमी ठेवलेलं असतं. त्यामुळे बॉल आपल्याच वजनाने एकमेकांवर टेकतात आणि तसेच टेकून राहतात. ब्रेक झाला, शीटवरचे बॉल हलले, की शीट काढून बाजूला ठेवायची. एवढंच काम आहे हो. दहा वर्षांच्या पोराला एकदा दाखवलं तर जमेल.

मी सातपूरला एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर. आमच्याकडे शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, चुकले की जॉब रिजेक्ट होतो, सुपरवायझर कारण विचारत नाही. म्हणून "अरे, चिकटलेत की सगळे" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. चिकटलेत? एकदा मी खिशात फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घेऊन गेलो. मार्करने रॅक लावला, ट्रँगल उचलला आणि म्हणाला, "घ्या, एकदम टाइट." काळा आणि त्याच्या मागचा बॉल यांच्या मधून ०.३० मिलिमीटरची पाती सहज आरपार गेली. पुढच्या बॉलच्या मागे दोन बॉल असतात. त्यातला डावा टेकलेला आणि उजव्यात फट. पांढरा आडवा का पळतो याचं उत्तर तिथेच आहे. पुढच्या बॉलला मागून दोन्हीकडून सारखा आधार मिळाला नाही, तर धक्का एका बाजूला जातो आणि पांढरा दुसऱ्या बाजूला फेकला जातो. यात माझ्या मनगटाचा काय दोष?

पंधरा बॉलच्या रॅकमध्ये एकमेकांना टेकायच्या जागा तीस असतात. मोजून बघा. काळा तिसऱ्या ओळीच्या मध्यात, त्याच्याभोवतीच सहा बॉल. धक्का बॉलमधून बॉलमध्ये जातो तो या तीस जागांतूनच. फट असेल तिथे पुढच्या बॉलला आधी ती फट पार करावी लागते. तेवढ्यात दिशा बदलते, जोर वाटला जातो आणि मागच्या ओळीपर्यंत काही पोचतच नाही. ढिला रॅक लावून "ब्रेकला दम नाही तुझ्या" म्हणायचं म्हणजे माणसाचे पाय बांधून पळ म्हणायचं.

आता आपल्याकडची रॅक लावायची पद्धत बघा. प्लास्टिकचा ट्रँगल, कोपरे झिजून फाकलेले. बॉल आत ढकलायचे, पुढे-मागे दोनदा घासायचं, मागून चार बोटांनी दाबायचं आणि झटकन उचलायचं. बोटं सुटली की मागची ओळ केसभर मागे येते. पुढचा बॉल तर हमखास पुढे घरंगळतो, कारण स्पॉटवर, म्हणजे पुढचा बॉल ठेवायच्या खुणेवर, शेकडो ब्रेक खाऊन कापडाला खड्डा पडलाय आणि बॉल त्या खड्ड्याच्या उतारावर बसतो. मग मार्कर काय करतो? पांढरा हातात घेतो आणि प्रत्येक बॉलच्या डोक्यावर ठोकतो. ठक ठक ठक. बॉल बसतो, पण त्याच्याखाली अजून एक खड्डा होतो. पुढच्या वेळी बॉल त्या खड्ड्यात बसतो आणि शेजारच्याला टेकत नाही. मग अजून ठोकायचं. सहा महिन्यांत स्पॉटच्या आसपासचं कापड चाळणीसारखं होतं. मग त्या भागावरून हळू मारलेला बॉल सरळ जाईल का? जात नाही, वळतो. आणि सगळे म्हणतात टेबल उतारावर आहे.

जागतिक पूल संघटना, डब्ल्यूपीए, तिच्या नियमावलीत लिहिलंय की बॉल अगदी गरजेपेक्षा जास्त ठोकू नयेत, त्यापेक्षा रॅकच्या जागेवर ब्रश फिरवून कापड सारखं करावं. ब्रश! आमच्या क्लबात ब्रश आहे, भिंतीला टांगलाय, आणि त्याच्यावरच धूळ बसलीय. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत, दार उघडलं की धुळीचा लोट आत येतो आणि थेट टेबलावर बसतो. पावसाळ्यात तर विचारू नका. ऑगस्टात आठ-आठ दिवस ऊन नाही, कापड दमट, बॉल जड चालतो आणि त्यात रॅक ढिला. मी स्वतः दर फ्रेमला ब्रश मारायला लागलो तर एक जण म्हणाला, "भाऊ, खेळायला आलायस का झाडायला?"

माझ्या शीटचं काय झालं ते आता सांगतो. पहिली मी ऑनलाइन मागवली, स्वतःच्या पैशांनी. क्लबात ठेवली, म्हटलं सगळे वापरतील, सगळ्यांचाच फायदा. तिसऱ्या दिवशी गेलो तर शीट कॅरम बोर्डावर, तिच्यावर चहाचे चार ग्लास. चहाचे गोल डाग, साखरेची चिकटी. ओल्या फडक्याने पुसली, वाळवली, परत वापरली. पंधरवड्याने कुणीतरी तिची चौघडी करून चॉकच्या डब्यात कोंबली. तिथेच ती संपली. पातळ शीटला घडी पडली की कायमची रेघ उमटते आणि बॉल त्या उंचवट्यावर चढून बसतो. ज्या फटीसाठी शीट आणली, तीच फट परत. हे मी सांगायला गेलो तर मार्कर म्हणाला, "दादा, मला वाटलं कसलं तरी पॅकिंग आहे." त्याला तरी काय बोलणार. त्याला कुणी कधी सांगितलंच नाही, पगार तुटपुंजा आणि रात्री एकपर्यंत उभा. पण शेठ? शेठला मी तीन वेळा समजावलंय. उभं राहून, टेबलावर बॉल लावून दाखवलंय. शेठचं म्हणणं, "एवढी वर्षं ट्रँगलवर चाललं, कुणाची तक्रार नाही. तुझीच आहे." माझीच आहे, कारण बाकीच्यांना माहीतच नाही की चांगला ब्रेक कसा लागतो! त्यांनी घट्ट रॅक कधी फोडलाच नाही.

दुसरी शीट मी घरूनच आणायला लागलो, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, फाईलमध्ये. तर आता समोरचे खेळाडू. "हे चीटिंग आहे." कसली चीटिंग? शीट माझ्यासाठी घट्ट आणि तुझ्यासाठी ढिली होते का? दोघांना तोच रॅक. एक गोष्ट मान्य, आणि ती मी लपवत नाही. नाइन बॉलमध्ये, म्हणजे नऊच बॉलच्या खेळात, रॅक खरंच घट्ट लागला की कडेचा विंग बॉल वारंवार कोपऱ्याच्या पॉकेटात जातो आणि सवय झालेला खेळाडू त्याचा फायदा घेतो. म्हणून तर मोठ्या स्पर्धांमध्ये स्पॉटवर एकऐवजी नऊ नंबर ठेवतात, म्हणजे सगळा रॅकच पुढे सरकतो, आणि ब्रेक ठरावीक चौकटीतूनच मारायला लावतात. त्यांनी नियम बदलले, रॅक ढिला केला नाही. आणि आपण तर एट बॉल खेळतोय! छोट्या नंबरांचे आणि मोठ्या नंबरांचे बॉल मिसळून लावायचे, मागच्या दोन कोपऱ्यांत एक छोटा एक मोठा, काळा मध्यात. इथे कुठला बॉल आपोआप जातोय?

खरी चीटिंग ट्रँगलने होते. मी डोळ्यांनी पाहिलीय. समोरच्याचा ब्रेक असला की काही महाभाग रॅक लावताना पुढच्या बॉलच्या मागे मुद्दाम फट सोडतात. अंगठ्याने हळूच. तुम्ही वाकून बघितलं तर म्हणतात, "विश्वास नाही का माझ्यावर?" आणि मित्र असला की तुम्ही गप्प बसता. शीटवर हा प्रकार करायला जागाच नाही. भोक आहे तिथे बॉल, संपलं. कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही आणि कुणावर शंका घ्यायचीही नाही. वाकून बघत बसायचे, परत लाव म्हणून वाद घालायचे, सगळा वेळ वाचतो. आणि वेळ म्हणजे पैसे, कारण टेबलचं मीटर रॅकच्या भांडणातही चालूच असतं.

शीटचा वापर करणारेही डोकं खातात, ते सांगायलाच हवं. ब्रेकनंतर शीटला एखादा बॉल टेकलेला असतो. अरे, थांब ना! तो बॉल खेळात हलला की मग काढ. अगदीच मध्ये येत असेल तर दोघांनी मिळून बॉलची जागा खूण करून ठेवा, शीट काढा, बॉल परत ठेवा. पण नाही, टोक धरायचं आणि मेजावरचा कपडा ओढल्यासारखं खेचायचं. बॉल दोन इंच सरकला. मग "होता तिथेच आहे" म्हणून भांडण. दुसरे शीट उचलतच नाहीत. अख्खी फ्रेम ती टेबलावर पडून, आणि हळू येणारा बॉल तिच्या कडेवर अडखळला की शिव्या शीटला, पर्यायाने मला. आणि शीट लावताना सरळ लावा की राव. टेबलाच्या रॅककडच्या कडेवर मधोमध डायमंडची खूण असते, तिच्याकडे बघा, शीटची मधली रेघ तिच्याशी जुळवा. तिरकी लावून बॉल घट्ट बसवले तर घट्ट पण तिरका रॅक मिळतो, दुसरं काय मिळणार?

शीटने सगळं सुटतं असंही मी म्हणत नाही. क्लबातले बॉल बघा. पूल बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, नियमाने फरक चालतो तो फक्त ०.१२७ मिलिमीटरचा. मी व्हर्नियर लावला. आमच्या पंधरांत तीन वेगवेगळ्या सेटचे बॉल आहेत, रंगांच्या छटांवरूनच कळतं. एक ५७.१, एक ५६.८, चार नंबरचा तर ५६.७. बारका बॉल मध्ये आला की त्याच्याभोवती फट पडणारच, देव आला तरी पडणार. म्हणून मी बारके बॉल मागच्या ओळीत कडेला टाकतो आणि चांगले पुढे. आणि पांढरा सगळ्यात झिजलेला, कारण प्रत्येक शॉट तोच खातो. शेठ, एक पूर्ण सेट आणा. एकदाच आणा, काळजीने वापरला तर वर्षानुवर्षं चालेल. नवा टीव्ही लावलात, नवे सोफे आणलेत, बाहेर निळे दिवे लावलेत. ज्या टेबलावर लोक पैसे देतात त्याच्यावर मात्र तीन सेटची खिचडी.

काल संध्याकाळी कामावरून सुटून सरळ तिथे गेलो. हातोडी मागितली, टेबलाच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर खिळा ठोकला, शीटच्या कडेला एक छोटं भोक पाडून ती त्याच्यावर अडकवली. खाली पुठ्ठ्यावर मार्करपेनने लिहिलं: घडी घालू नये, वर काही ठेवू नये, ब्रेकनंतर परत इथेच. मार्करला दोनदा रॅक लावून दाखवला, तिसऱ्यांदा त्याने स्वतः लावला. फिलर गेजची ०.०५ ची पातीसुद्धा पुढच्या तीन बॉलमध्ये कुठे शिरली नाही. मी ब्रेक मारला. कडकन आवाज आला, पंधरापैकी आठ बॉल टेबलाच्या वरच्या अर्ध्यात गेले, दोन पॉकेटात पडले. मार्कर म्हणाला, "दादा, हे तर वेगळंच आहे."

शनिवारी परत येतोय. शीट खिळ्यावर असली तर खेळेन. कुणाच्या ग्लासाखाली दिसली, तर क्यू पिशवीतून काढणार नाही आणि टेबलचा एक रुपयाही देणार नाही. शेठला हे मी तोंडावर सांगून आलोय.