प्रेस किती टनी होता?

आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे ‘हॅलोड बी दाय नेम’ हे गाणे गेल्या रविवारी कोल्हापुरात हरले, आणि ते ज्या रीतीने हरले ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही. उद्यमनगरातल्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये, यंत्रे थंड झाल्यावर, आम्ही काही समदुःखी जमतो आणि रॉक-मेटल गाण्यांच्या जोडी लावतो. दोन गाणी वाजवायची, हात वर करायचे, हरलेले गाणे बाद. त्या संध्याकाळी मेडनसमोर ब्लॅक सॅबथ या बँडचे ‘पॅरनॉइड’ होते आणि मते समसमान पडली. खासबागेत अशा वेळी कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि दोन्ही पैलवान मानाने घरी जातात. आमच्या यजमानाला मात्र निकालीच हवी होती. त्याने चौफेर नजर फिरवली आणि डबा पिशवीत घालून घरी निघालेल्या तात्यांना हाक मारली.

तात्या हे त्याच्याकडचे सर्वांत जुने प्रेस ऑपरेटर, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रावरचे कामगार. मेटल या विषयाशी त्यांचा संबंध पत्र्यापुरता. तरीही त्यांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल पुढे ओढले आणि लवादाच्या गांभीर्याने ते त्यावर बसले. मेडनच्या गाण्याच्या आरंभी घंटा वाजते. पहिल्याच ठोक्याला तात्यांनी हात जोडले.

“कुठल्या देवळातली?”

“देवळातली नाही, तात्या. तुरुंगातली. एका माणसाला पाच वाजता फाशी देणार आहेत, त्याचं हे मनोगत आहे.”

“काय केलं हुतं त्यानं?”

“ते गाण्यात सांगितलेलं नाही.”

“न्हाई म्हंजे? फाशी लागलीया, आन् गुन्हा काय ते ठावं न्हाई? मग मत कसं द्याचं? उद्या त्यो खरंच गुन्हेगार निघाला तर?”

मी त्यांना विनवले की गुन्हा बाजूला ठेवा. हे गाणे १९८२ सालचे आहे, ब्रूस डिकिन्सन या गायकाचा मेडनबरोबरचा हा पहिलाच अल्बम आहे, आणि आता मरे व स्मिथ यांच्या गिटारी जोडीने निघतील तिकडे कान द्या. तात्यांनी कान दिला, पण डोके कोर्टातच राहिले. “अपील केलं हुतं का?” त्यांनी विचारले. गीतकार स्टीव्ह हॅरिस याच्या वतीने मी सांगितले की अपिलाचा उल्लेख नाही. त्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “पाचाला फाशी म्हणतुयास, आन् हा बाबा अजून गातुयाच. सोडला का काय त्याला?”

गाणे सात मिनिटांचे आहे, हा काही त्याचा दोष नव्हे. ज्या शहरातली माणसे गणपतीच्या मिरवणुकीत, छातीचा पिंजरा थरथरत असताना, साउंडच्या भिंतीसमोर अख्खी रात्र आनंदाने उभी राहतात, त्या शहरात सात मिनिटे कोणाला जड व्हावीत याचे मला खरोखर वाईट वाटते. आमचा यजमान तर हल्ली “पहिलं मिनिटच लावूया, अंदाज येतो” असे म्हणू लागला आहे. ज्या गाण्याचे पहिले मिनिट घंटा आणि संथ गिटार यांतच जाते, त्याचा अंदाज कसला येणार?

मग ‘पॅरनॉइड’ लागले. ते तीन मिनिटांच्या आत आटोपते. १९७० मध्ये अल्बममध्ये थोडी जागा उरली म्हणून ते घाईघाईने रचले गेले, आणि नेमके तेच ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. हे मी तात्यांना मुद्दाम ऐकवले.

“म्हंजे ओव्हरटाइमचं काम की,” तात्या म्हणाले. “ओव्हरटाइमला केलेला माल काय रिजेक्ट असतोय व्हय?”

एवढ्यावरही मी किल्ला लढवला असता. परंतु त्याच क्षणी यजमानाने, कोणी विचारलेले नसताना, टोनी आयोमीच्या बोटांची कथा काढली. सॅबथचा हा गिटारवादक बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले आणि तारा हलक्या वापरल्या. पुढे त्या सैलही सोडल्या, आणि त्या जड, खालच्या सुरावर अख्ख्या हेवी मेटलची उभारणी झाली.

तात्या स्टुलावरून उठले. त्यांनी आपला उजवा हात दिव्याखाली धरला. मधल्या बोटाचे शेवटचे पेर नव्हते. इतकी वर्षे तिथे येऊन मी ते पाहिले नव्हते.

“प्रेस किती टनी हुता?”

कोणालाच ठाऊक नव्हते.

“गार्ड न्हवता लावला?”

तेही कोणाला ठाऊक नव्हते.

“भरपाई?”

यजमान म्हणाला, भरपाईचे माहीत नाही, पण फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या, दोन बोटे भाजून निकामी झालेल्या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. “रेकॉर्ड!” तात्या मालकाकडे पाहत म्हणाले. “बरं झालं, तुझ्या वडलांनी मला पैसं तरी दिलं.” मग त्यांनी तोच हात वर केला. “आपलं मत आपल्या माणसाला. त्यो फासावरचा बघंल त्याचं त्यो.”

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. आयोमीबद्दल मला आदर आहे, तात्यांबद्दलही आहे, पण प्रश्न गाण्याचा होता आणि मत पडले बोटाला. जाणकारांच्या मतदानात तरी न्याय होतो, असेही नाही. १९८९ मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदा पारितोषिक ठेवले, तेव्हा मेटॅलिका या मेटल बँडला डावलून ते जेथ्रो टल या बँडला, म्हणजे बासरीवाल्यांना, दिले गेले. त्यांच्या कंपनीने नंतर जाहिरात छापली की बासरी हेही धातूचे, जड वाद्यच आहे. तात्या निदान पत्र्यातले तरी आहेत.

आता तात्यांना कायमचे पंच नेमले आहे. पुढची जोड डेफ लेपर्ड आणि मेटॅलिकाचे ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अशी असून, डेफ लेपर्डच्या रिक ॲलनचा डावा हात १९८४ च्या अखेरीस मोटार अपघातात गेला आणि तरीही तो ड्रम वाजवतो, ही बातमी यजमानाने तात्यांना आधीच पोचवली आहे. मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टनच्या मृत्यूचे भांडवल मी करणार नाही. इतका मी घसरलेलो नाही. पण काल मी वर्कशॉपवरून सहज गेलो आणि तात्यांना सांगितले की १९९२ मध्ये मॉन्ट्रियलच्या रंगमंचावर आतषबाजीच्या ज्वाळांत मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड भाजला होता, चांगलाच भाजला होता.

“हात ऱ्हायला का गेला?”

“राहिला.”

“मग काय तर,” तात्या म्हणाले आणि त्यांनी प्रेस सुरू केला.