वेळासला रात्री कासवं दाखवत नाहीत

"शनिवारी रात्री वेळासला पोहोचा, बॅटरी घ्या, अंडी घालणारी कासवीण समोर बघा" असा मेसेज फिरतोय. त्यातलं वेळास तेवढं खरं.

रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्रीच येते, पण तेव्हा तिथे पर्यटकांना नेत नाहीत. उजेड, गडबड जाणवली तर ती अंडी न घालताच माघारी फिरते. गावातल्या कासव महोत्सवात दिसतात ती पिल्लं, तीही सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. मादी शंभरेक अंडी घालून जाते. कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून गावातले कासवमित्र ती कुंपणाआड, माठासारख्या खड्ड्यात पुरतात. साधारण ५० दिवसांनी खड्ड्यावरची पालथी टोपली उचलली की खाली तळहातावर मावणारी, वाळूने माखलेली काळपट पिल्लं वळवळताना दिसतात. पाण्याच्या अलीकडे ठेवली की आपली आपण चालू लागतात.

कधी टोपलीखाली नुसती वाळू. पुण्याहून रात्रभर गाडी हाणत आलेल्यांचे चेहरे तेव्हा बघावेत! गावकरी तरी काय करणार?

आणि बॅटरी घरीच ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्र राहतो बाजूला.