तांबेऱ्याच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

रामराम दादा,

"बियाण्याला औषध चोळूनही गहू तांबेऱ्यानं गेला, दुकानदारानं फसवलं" असं लिहून तुम्ही एकच स्टार दिलात. आधी आमची चूक सांगतो. गल्ल्यावरच्या पोरानं तुम्हाला "आता कापणीपर्यंत बघायला नको" असं सांगितलं होतं. मी विचारल्यावर त्यानं कबूल केलं. असं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तुम्ही नेलं ते कार्बोक्झिन-थायरम, किलोला ३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या ४० किलोला १२० ग्रॅम. ते काणीसाठी. काणीची बुरशी मागच्या हंगामात फुलोऱ्यातच दाण्यात शिरते आणि अंकुरात दडून बसते. दाणा वरून चांगला टपोरा दिसतो, पण पुढच्या वर्षी ओंबी निसवली की दाण्याऐवजी काळी भुकटी. घरचं बियाणं धरलं की ही भीती असतेच, म्हणून ते औषध दिलं, आणि आजही देईन. तुम्ही आणलेली गव्हाची ताटं मी उलटीसुलटी करून पाहिली. एकही ओंबी काळी नव्हती. बोटाला लागली ती पानावरची नारिंगी पूड, म्हणजे तांबेरा. तो बियाण्यातून येत नाही, वाऱ्यावर येतो, आणि तोवर चोळलेल्या औषधाचा जोर कधीच ओसरलेला असतो.

त्यात बियाणं लोक-१ वाणाचं, त्यात कांदा निघाल्यावर डिसेंबरात पेरणी. चपातीसाठी लोक-१ची सर दुसऱ्या गव्हाला नाही, आमच्या घरीही तोच लागतो, पण तांबेऱ्यापुढे तो टिकत नाही.

पहिले ठिपके दिसले तेव्हाच प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिली घेऊन फवारायला हवं होतं. तुम्ही तेव्हा दुकानात आलाही होतात. पान पिवळं पडतंय एवढं ऐकून पोरानं युरियाची गोणी दिली. युरियानं तांबेरा आणखी माजतो. मी त्या दिवशी गावाला होतो, पण दुकान माझंच आहे.

तेव्हा त्या गोणीचे पैसे परत घेऊन जा. पावती नसली तरी चालेल, वहीत नोंद आहे. बियाण्याच्या औषधाचे मात्र देणार नाही, त्यानं त्याचं काम केलं. यंदा पेरा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धरा, आणि थोडं तरी निफाडच्या संशोधन केंद्राचं त्र्यंबक किंवा तपोवन वाण लावून बघा.

आणि हो, औषध चोळलेलं ते लाल बियाणं पसाभर जरी उरलं असलं, तरी कोंबड्यांना टाकू नका.