क्यू बसवली म्हणजे बिल पोहोचलं, असं नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: "वजनकाटा, ईआरपी आणि टॅली यांच्यामध्ये क्लाउडवरची मेसेज क्यू बसवा. मेसेज हरवत नाही, दोनदा जात नाही, क्रम चुकत नाही. सगळं तिच्यातूनच जाऊ द्या, परत बघायलाही नको."

मेसेज क्यू म्हणजे एका प्रोग्रामने दिलेले मेसेज दुसरा प्रोग्राम घेईपर्यंत सांभाळणारी रांग; ईआरपी म्हणजे कारखान्याच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर, टॅली हिशेबाचं. क्यू बसवा, हे बरोबर आहे. टॅलीचा कॉम्प्युटर बंद असला तरी काट्यावरची गाडी अडत नाही, हा फायदा मोठा आहे. पण पुढची आश्वासनं शब्दशः धरली तर महिनाअखेरीस डिस्पॅच आणि बिलं जुळणार नाहीत. खालचे आकडे अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सेवेचे आहेत. दुसऱ्या सेवांत आकडे वेगळे, अडचणी त्याच.

"हरवत नाही." क्यूच्या ताब्यात गेलेला मेसेज सहसा हरवत नाही. हरवतो तो त्याआधी. काट्याच्या प्रोग्रामने वजन डेटाबेसमध्ये लिहिलं आणि त्याच क्षणी लाईट गेली, तर नोंद झाली पण मेसेज निघालाच नाही. म्हणून त्याच डेटाबेसमध्ये 'पाठवायचे' असं एक टेबल ठेवा. वजनाची नोंद आणि या टेबलमधली ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. वेगळा प्रोग्राम ती ओळ उचलून क्यूला देईल आणि क्यूची पोच आल्यावरच 'गेलं' अशी खूण करेल.

दुसरी गळती मुदतीची. मेसेज ठेवण्याची मुदत बदलली नसेल तर ती ४ दिवस असते. दिवाळीत टॅलीचा कॉम्प्युटर त्याहून जास्त बंद राहिला, तर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळची चलनं कुठलीही एरर न दाखवता पुसली जातात. मुदत पहिल्याच दिवशी १४ दिवसांची करा. त्याहून जास्त मिळत नाही.

"दोनदा जात नाही." हे सर्वांत घातक. स्टँडर्ड क्यू 'किमान एकदा' पोहोचवायची हमी देते, 'एकदाच' अशी नाही. शिवाय वरच्या टेबलमधली ओळ क्यूला गेल्यावर आणि खूण होण्याआधी नेट तुटलं, तर ती पुन्हा जाणारच. तिसरं कारण वेळेचं: वर्करने (क्यूमधून मेसेज घेऊन काम करणाऱ्या प्रोग्रामने) उचललेला मेसेज मुळात ३० सेकंदच इतरांपासून लपलेला असतो. व्हाउचर पडायला ४० सेकंद लागले तर तोच मेसेज दुसऱ्या वर्करच्या हाती पडतो. ही वेळ कामाच्या कमाल वेळेच्या काहीपट ठेवा. आणि मेसेज डिलीट करायचा तो काम पूर्ण झाल्यावर. आधी डिलीट केला आणि मध्येच वर्कर बंद पडला, तर मेसेजही गेला आणि कामही.

म्हणजे दुबार मेसेज पचवणं हे घेणाऱ्याचं काम. प्रत्येक मेसेजला उगमापाशीच कायमचा नंबर द्या, चलन नंबर चालेल. पाठवताना दरवेळी नवा तयार करू नका. ईआरपीत तो युनिक ठेवा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा नोंदलाच जाणार नाही, आणि नोंद व काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. टॅलीत तसं जमत नाही. तिथे एकच वर्कर ठेवा आणि व्हाउचर टाकण्याआधी तो नंबर आधीच पडलाय का ते तपासा.

ई-इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलात, हे संरक्षण आयतं मिळतं. आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी क्रमांक, हा विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्ताचा प्रकार आणि दस्त क्रमांक यांवरून बनतो; तेच बिल पुन्हा पाठवलं की पोर्टल 'डुप्लिकेट' म्हणून परत करतं. हे उत्तर म्हणजे 'काम आधीच झालंय'. प्रोग्रामने ते अपयश समजून नव्या बिल नंबरने पाठवलं, तर एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी नोंदली जातात.

"क्रम चुकत नाही." फक्त फिफो क्यूमध्ये (आधी आलेला आधी जाणाऱ्या प्रकारात), तोही एकेका ग्रुपपुरता, म्हणजे एकच खूण दिलेल्या मेसेजेसपुरता. सगळ्या कारखान्याला एकच ग्रुप दिला तर एक अडकलेलं चलन मागच्या सगळ्यांना अडवतं. ग्रुप ऑर्डर नंबरवर करा. फिफो दुबार मेसेज ओळखते, पण ५ मिनिटांपुरतं. लाईट अर्धा तास गेली तर तेवढ्यावर भागत नाही.

"परत बघायला नको." पार्ट नंबर टॅलीत नसलेला मेसेज मुदत संपेपर्यंत पुन्हापुन्हा येत राहतो. पाच प्रयत्नांनंतर तो बाजूच्या डेड लेटर क्यूमध्ये (न जमलेल्या मेसेजेसच्या वेगळ्या रांगेत) जाईल असं सेटिंग करा. स्टँडर्ड क्यूमध्ये तिथेही मुदत मूळ वेळेपासूनच मोजली जाते, त्यामुळे तिथे पहिला मेसेज पडताच फोनवर अलार्म हवा. मुख्य क्यूमधल्या सर्वांत जुन्या मेसेजचं वय तासाभराच्या पुढे गेलं, तरी असाच अलार्म हवा. खर्चावरही नजर ठेवा: रिकाम्या क्यूला दर सेकंदाला विचारणारा एकच वर्कर महिन्याला सुमारे २६ लाख विनंत्या करतो. २० सेकंदांचं लाँग पोलिंग (मेसेज नसेल तर तेवढा वेळ उत्तराची वाट बघणं) लावलं की त्या १.३ लाखांवर येतात.

राहिलं "सगळं तिच्यातूनच". ज्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटीचा दस्त) लागतं, त्याचं ई-वे बिल गाडी हलण्याआधी तयार असायला हवं. क्यू फक्त 'मेसेज मिळाला' एवढंच सांगते, बिल झालं की नाही हे नाही. फाटकावरच्या प्रोग्रामने ई-वे बिलासाठी थेट विचारावं, नंबर येईपर्यंत थांबावं आणि मगच गेटपास छापावा. टॅलीची नोंद त्यानंतर क्यूने गेली तरी चालते.