मूठभर तांदूळ आणि तुमचे आक्षेप

नमस्कार.

मिझोरामच्या 'बुहफाइ थाम'वरचा, म्हणजे मूठभर तांदूळ दान करण्याच्या रीतीवरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हातावर पोट असणाऱ्यांच्या दानाचं कौतुक म्हणजे गरिबीचं उदात्तीकरण, चर्चने गरिबाला द्यावं, त्याच्याकडून घेऊ नये, मूठभर तांदळाने कुणाचं काही भलं होत नाही, आणि शेवटी तो पैसा धर्मप्रसारालाच जातो. आक्षेप साधे नाहीत, म्हणून उत्तर लांबलं आहे.

लेख न वाचलेल्यांसाठी आधी रीत सांगतो. 1910 पासून मिझो ख्रिस्ती घरांत भात रांधायला तांदूळ काढले की घरची बाई त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. साठलेले तांदूळ चर्चच्या बायका घरोघर फिरून गोळा करतात, ते विकले जातात आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. हे सुरू झालं तेव्हा त्या लुशाई डोंगरात, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, ख्रिस्ती धर्म पोचून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती आणि लोकांच्या हाती रोख पैसा फारसा नव्हता. घरात होते ते तांदूळ.

गरिबाकडून घेण्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. बायबलमधली विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आमच्याकडे दानाच्या उपदेशात हमखास येते: एक गरीब विधवा जवळ होती तेवढी दोन क्षुल्लक नाणी दानपेटीत टाकते. पण मार्कच्या शुभवर्तमानातल्या 12व्या अध्यायात तिच्या अगदी वरच्या ओळी क्वचितच वाचल्या जातात. लांब झगे घालून मिरवणारे, मोठमोठ्या प्रार्थना करणारे यहुदी शास्त्री विधवांची घरं गिळतात, असं येशू तिथे म्हणतो. त्यापाठोपाठ ही विधवा येते. येशूने तिचं दान श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठं ठरवलं. तिच्यासारख्यांकडून वसूल करा असं मात्र त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या पाहण्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दानाची पाकिटं फोडून नावं आणि रकमा सगळ्यांसमोर वाचतात. शेवटच्या बाकावर बसलेली धुणीभांडी करणारी बाई स्वतःचं नाव होऊन जाईपर्यंत मान वर करत नाही. ज्याची मजुरी आठवड्यातून तीनच दिवस लागते त्याच्याकडे दशांशाचा, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाचा, तगादा लावणं आणि पाकिटं अशी जाहीर वाचणं, दोन्ही बंद झालं पाहिजे. हे मी तिथे बोललो आहे आणि बोलत राहीन.

मूठभर तांदळाची रीत मला महत्त्वाची वाटते ती इथेच. चूल पेटली तरच मूठ निघते. घरात शिजायलाच काही नसेल तर देणं लागतच नाही, त्याची थकबाकी राहत नाही. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात हाच हिशेब सांगितला आहे: माणसाजवळ जे आहे त्या मानाने त्याचं दान मान्य होतं, जे नाही त्या मानाने नाही.

मुठीने काय होतं? मूठ लहानच धरू, 40 ग्रॅमची. 200 उंबऱ्यांचं गाव, दोन वेळचा स्वयंपाक, म्हणजे दिवसाला 16 किलो. महिन्याला जवळजवळ पाच क्विंटल. आणि हे पटायला मिझोरामपर्यंत जायचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आपल्या साताऱ्याकडचाच. बायाबापड्यांनी जात्यावर बसताना बाजूला काढलेल्या मुठीवर वसतिगृहातली पोरं जेवली, आणि ती सगळ्या जातींची पोरं होती. धान्य कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्या मुठी देणाऱ्या घरांत सुबत्ता होती असं कुणी म्हणणार नाही. तरी त्या बायकांकडून धान्य घेणं हा अन्याय होता, असंही आपण म्हणत नाही. मग ख्रिस्ती बाईच्या मुठीला वेगळा न्याय का?

आता उदात्तीकरणाचं. गरिबी चांगली असते असं मी कधीच म्हणणार नाही. पण गरिबाने फक्त घ्यायचं, हात कायम पसरलेलाच ठेवायचा, ही कल्पना मला जास्त टोचते. आमच्या कापणीच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं घेऊन येतात: बाजरी, भोपळे, कोंबडी. मग चर्चच्या आवारात लिलाव होतो. एका वर्षी एका म्हातारीने पदरात बांधून चार अंडी आणली. पहिल्याने दीडशेला घेतली आणि परत टेबलावर ठेवली, पुन्हा लिलाव, पुन्हा परत. अंडी तीच, रक्कम वाढत गेली. म्हातारी पुढे सरकून उभी राहिली आणि प्रत्येक बोलीला 'माझ्या कोंबडीची हायेत' असं शेजारणीला सांगत होती. एरवी ती मंडळीच्या मदतनिधीतून औषधाचे पैसे घेते. 'आजी, तुम्ही राहू द्या' असं तिला त्या दिवशी दयेपोटी कुणी म्हटलं असतं, तर त्या दयेने तिचं जे नुकसान झालं असतं ते मदतनिधीतून भरून निघण्यासारखं नव्हतं. पौलाच्या काळातल्या मासेदोनियातल्या मंडळ्या अशाच कंगाल होत्या, आणि यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांच्या मदतीत आम्हालाही वाटा द्या म्हणून त्यांनी पौलाची विनवणी केली होती.

राहिला धर्मप्रसार. होय, मिझो चर्च या पैशातून धर्मप्रचारकांचा खर्च चालवतं. ते उघड आहे, आणि मूठ टाकणाऱ्या बाईला ते माहीत आहे. ती तिची श्रद्धा आहे, तांदूळ तिचे आहेत. त्यावर तिला कुणी जाब विचारावा असं मला वाटत नाही. भुकेल्याला अन्न देताना 'आधी आमच्यात ये' अशी अट कुणी घालत असेल, तर मात्र मी तुमच्या बाजूने उभा राहीन. लूकच्या शुभवर्तमानातल्या 10व्या अध्यायातल्या शोमरोनी माणसाने, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांतल्या एकाने, वाटेत पडलेल्या जखमीला त्याचा धर्म विचारला नाही. तेल, द्राक्षारस, स्वतःचं जनावर आणि दोन दिनार, एवढं त्याच्याजवळ होतं, ते त्याने लावलं. उतारशाळेच्या मालकाला म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.

तुमच्याकडे अशी अट घातल्याचं ठोस उदाहरण असेल, गाव आणि साल सांगता येत असेल, तर जरूर लिहा. मी स्वतः चौकशी करीन आणि जे कळेल ते इथेच मांडीन.