तळ उलटा केला म्हणून कर्ता सापडत नाही

सिरॅमिकच्या भांड्यांबद्दलचा एक संदेश सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. तळाचे चार-सहा फोटो आणि खाली नियम: हाताने केलेली सही असेल तर कलावंताची वस्तू, ठशाचा शिक्का असेल तर कारखान्याचा माल, आकडा असेल तर ते बनवल्याचं साल, आणि तळ कोरा असेल तर पैसे घालवू नका. वर अशीही ग्वाही, की तळाची खूण खोटी करता येत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मडकी उलटी करून, कोऱ्या तळाकडे बोट दाखवून भाव पाडणारी माणसं मी पाहिली आहेत. या नियमांनी कुणाच्या तरी पोटावर पाय येतो, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

आधी सही आणि शिक्का. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानचे कुंभार शोजी हामादा यांनी १९२० साली इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्ज इथे पॉटरी, म्हणजे भांडी घडवण्याची कार्यशाळा, सुरू केली. आज ज्याला आपण स्टुडिओ पॉटरी, म्हणजे कारखान्याऐवजी छोट्या कार्यशाळेत हाताने केलेलं मातीकाम, म्हणतो, तिची मोठी शाखा तिथून फुटली. त्या पॉटरीची खूण म्हणजे ओल्या मातीत दाबलेला शिक्काच होता: 'एस' आणि 'आय' ही रोमन अक्षरं एकमेकांवर आणि बाजूला दोन ठिपके. लीच यांनी स्वतः केलेल्या भांड्यांवर त्याच्या जोडीला 'बीएल' ही त्यांची आद्याक्षरं येतात. रोजच्या वापराच्या वाट्या-बशा तिथे अनेक हात घडवत, त्यांवर नुसता पॉटरीचा शिक्का. म्हणजे तो शिक्का जागा सांगतो, माणूस सांगेलच असं नाही. ब्रिटनमधले नावाजलेले स्टुडिओ कुंभार ल्यूसी री आणि हान्स कोपर यांच्या खुणाही ठशाच्याच. दोघांनी मिळून केलेल्या टेबलवेअरवर दोघांचेही ठसे सापडतात. फिरत्या संदेशाच्या हिशेबाने हे सगळे कारखानदार ठरतील!

उलट बाजूही बघा. इंग्लंडमधल्या कारखान्यात भांड्यांची डिझाइनं करणाऱ्या क्लॅरिस क्लिफ यांचं नाव सहीसारख्या अक्षरांत तळाशी दिसतं, पण ती छापील सही आहे. रंगकाम बहुतेक वेळा त्यांच्या हाताखालच्या मुलींचं. सही दिसली म्हणून हात त्याच माणसाचा, हे गृहीत धरता येत नाही. शिवाय खूण तळावरच असते असंही नाही. कितीतरी कुंभार ती बाहेरच्या अंगाला, पायाजवळ उमटवतात.

आता कोरा तळ. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा नियम. हामादा जपानला परतल्यावर माशिको गावी राहिले आणि त्यांनी भांड्यांवर खूण करणं सोडून दिलं. भांडं ज्या लाकडी पेटीतून दिलं जाई, तिच्या झाकणावर ते लिहीत. १९५५ साली जपानने ज्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवलं, त्यांचं भांडं या नियमाप्रमाणे कवडीमोल ठरतं.

आणि आपल्याकडचं काय? डिचोलीचं नाव गोव्यात मातीकामासाठी पूर्वापार घेतलं जातं. पारंपरिक मडकं कसं होतं ते नीट बघितलं, तर तळ कोरा का, हे कुणी सांगावं लागत नाही. चाकावरून उतरतं तेव्हा ते जाड बुडाचं असतं. थोडं सुकलं की कुंभार एका हाताने आतून गुळगुळीत गोटा धरतो आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी थापीने बाहेरून थापटत जातो. माती पसरते, भिंत पातळ होते, बूड गोल होत जातं. हे बूड चुलीच्या दगडांवर बसायला हवं, आणि त्याला कोपरा नसल्याने आच सगळीकडे सारखी लागते. यात शिक्का कुठे मारणार? आधी मारला तर थापीखाली मोडतो, नंतर दाबला तर पातळ झालेलं बूड दबतं. स्टुडिओत भांडं तारेने कापतात, घट्टसर झाल्यावर चाकावर पालथं घालतात आणि खालची माती तासून फूट-रिंग, म्हणजे भांडं टेकायची गोल कडी, काढतात. त्या कडीच्या आत सपाट, जाड, झाकलेली जागा मिळते, म्हणून तिथे खूण येते. खूण असणं-नसणं हा घडणीचा आणि रिवाजाचा भाग आहे, कसबाची पावती नाही.

आकडा म्हणजे साल, हेही खरं नाही. तो आकाराचा क्रमांक असू शकतो, ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, मिश्रणाचा असू शकतो, खेपेचा असू शकतो. ब्रिटिश मालावर १८८४ पासून दिसणारा नोंदणी क्रमांक डिझाइन कधी नोंदवलं ते सांगतो. तेच डिझाइन पुढे कितीही वर्षं निघत राहू शकतं. स्पष्ट लिहिलेला काळसुद्धा फसवतो. गोव्यातल्या ज्या जुन्या घरांत चिनी पोर्सेलिन जपलेलं असतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगते: कांगशी राजवटीतल्या, म्हणजे १६६२ ते १७२२ मधल्या, भांड्यांवर दोनशे वर्षं आधीच्या चेंगहुआ सम्राटाच्या राजवटीचं नाव सांगणारी निळी अक्षरं सर्रास सापडतात. तिथे हेतू फसवण्याचाच असे असं नाही. जुन्या नमुन्याचा मान म्हणूनही ती लिहीत.

राहिली खोट्या खुणेची गोष्ट. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या फेदरस्टोन तुरुंगातल्या मातीकामाच्या वर्गात कैद्यांनी लीच यांच्या धाटणीची भांडी केली, ठसेही उमटवले, आणि ती लिलावगृहांपर्यंत खरी म्हणून पोचली. ठसा चोरणं अवघड नाही. खऱ्या भांड्यावरच्या खुणेत प्लास्टर भरलं की नवा ठसा तयार. पण इथे मातीच चुगली करते. स्टोनवेअरची, म्हणजे खूप वरच्या आचेवर भाजायच्या भांड्यांची, माती वाळताना आणि भाजताना साधारण दहा-बारा टक्के आक्रसते. मूळ खूण १० मिलिमीटरची असेल तर तिच्यावरून घेतलेल्या ठशाची खूण भाजल्यावर ९ च्या आसपास येते. म्हणून खात्रीच्या भांड्यावरची खूण आणि समोरची खूण दोन्ही मोजून ताडून बघावी. फोटोवरून नाव सांगणारी ॲप अक्षरांचा आकार जुळवतात. ही मापं आणि ही माती त्यांच्या हाती लागत नाही.

मग तळ बघूच नये का? जरूर बघावा, पण खूण शेवटी वाचावी. आधी फूट-रिंगवरची उघडी माती बघा: पांढरी, करडी की लोहाने तांबूस. ओलं बोट टेकवा. बाराशे अंशांवर भाजलेलं स्टोनवेअर पाणी जवळजवळ पीत नाही, कमी आचेची लाल माती लगेच शोषते. ग्लेझ कुठे थांबवलंय, तासणीच्या हत्याराच्या रेषा कशा फिरल्यात, तळाला तारेचा शिंपल्यासारखा वळसा राहिलाय का, हे बघा. या सवयी हाताच्या असतात आणि त्याच माणसाच्या दुसऱ्या भांड्यांशी ताडता येतात. खूण या सगळ्याशी जुळली तर तिला अर्थ.

गोव्यात आज स्टुडिओत काम करणारे बरेच जण आहेत आणि डिचोलीकडचे कुंभारही आहेत. दोघांनाही आज विचारता येतं. भांडं घेताना घडवणाऱ्याचं नाव, गाव आणि साल विचारून चिठ्ठीवर लिहा, बिल असेल तर त्यासोबत ठेवा, तळाचा फोटो काढा. मडकं विकणारी बाई स्वतः घडवत नसेल तर कुणाच्या भट्टीतून आणलं ते विचारा. आणि तळ कोरा आहे म्हणून तिच्याकडे भाव पाडू नका.