‘लक्ष ठेवा, हात शाबूत राहील’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन जवळ आला की कारखान्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, सूर तोच. ९० टक्के अपघात कामगाराच्या हलगर्जीपणाने होतात, लक्ष ठेवा, हातमोजे घाला. मुरलेल्या फिटरला दोन मिनिटांच्या कामासाठी लाइन बंद करावी लागत नाही, फार तर इमर्जन्सी बटण दाबावं, असंही त्यात असतं. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, कुठेही जा, मेंटेनन्सची पोरं हे वाचतात आणि खरं मानतात. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासून बघू.

आधी तो टक्केवारीचा आकडा. या धर्तीचा सगळ्यात गाजलेला आकडा हर्बर्ट हाइनरिक यांचा. अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीतल्या या अधिकाऱ्याने १९३१ मध्ये ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात असं मांडलं. त्यासाठी त्यांनी सुमारे ७५ हजार प्रकरणांची कागदपत्रं चाळली, पण ती होती विमा कंपनीची आणि कारखानदारांची. अपघाताचं कारण लिहिणारा सुपरवायझर ‘मशीनवरचा संरक्षक गार्ड आम्हीच काढून ठेवला होता’ असं सहसा लिहीत नाही, ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’ असंच लिहितो. आणि समजा चूक खरंच कामगाराची होती. ओव्हरटाइम धरून बाराव्या तासाला माणूस चुकणारच. तो चुकला त्या क्षणी मशीन हलू कसं शकलं, हे विचारायला हवं.

इमर्जन्सी बटणाचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ते लाल बटण फक्त कंट्रोल सर्किट, म्हणजे मशीनला चालू-बंदचा हुकूम देणारी तार, तोडतं. पॅनलपर्यंतचा करंट तसाच असतो. कुणीही येऊन बटण फिरवून मोकळं करतो आणि स्टार्ट दाबतो. कॉन्टॅक्टरचे (मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेले असतील तर बटण दाबूनही मोटर थांबेलच याची खात्री नाही. शिवाय मशीनमध्ये आधीच साठलेल्या शक्तीचं काय?

पत्रा कापणारा, दाबणारा मेकॅनिकल पॉवर प्रेस घ्या. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे त्याचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं. चावीच्या क्लचवरच्या जुन्या प्रेसमध्ये फ्लायव्हीलला दांड्याशी जोडणारी चावी एकदा बसली की रॅम (वर-खाली होणारा ठोकळा) पूर्ण फेरी मारूनच थांबतो, त्याला मध्ये अडवता येत नाही. चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की पेडलला पाय न लावताही दुसरा स्ट्रोक येतो. प्रेस शॉपमध्ये याला डबल स्ट्रोक म्हणतात, आणि फिटरला बोलावणं येतं ते बऱ्याचदा याच बिघाडासाठी. तिथे डोळे कितीही उघडे ठेवा, रॅम खाली यायला लागल्यावर हात मागे घ्यायला वेळच नसतो. म्हणून मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं, रॅमचं वजन पेलेल असा सेफ्टी ब्लॉक खाली बसवायचा. मग स्टार्ट दाबून बघायचं. काहीच हललं नाही, तरच हात आत.

हायड्रॉलिक प्रेसचा पंप बंद असला तरी होज (तेलाची नळी) सोडल्याबरोबर रॅम स्वतःच्या वजनाने खाली येतो. न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरच्या) सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते, अडकलेला जॉब (काम चालू असलेला तुकडा) काढला की रॉड सुटतो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) मेन बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेले राहतात, किती थांबायचं ते ड्राइव्हवरच छापलेलं असतं. यातलं काहीही त्या लाल बटणाने उतरत नाही.

हातमोज्यांचा सल्ला अर्धाच खरा आहे. पत्र्याच्या कडा, बर (कापल्यावर राहिलेली धारदार कुसळं), गरम डाय (साचा) इथे मोजे हवेतच. पण फिरत्या ड्रिलजवळ, लेथच्या चकजवळ (जॉब धरून फिरणाऱ्या भागाजवळ), बेल्ट आणि चेनपाशी मोजे घालायचे नाहीत. उघड्या बोटाला नुसता ओरखडा उठून सुटका होऊ शकते, मोज्याचा धागा अडकला की अख्खा पंजा ओढला जातो. अंगठी, कडं आणि मनगटावरच्या गंड्याचंही तेच.

राहिला मुरलेला फिटर. अनुभवी हाताला होजचं लीक नुसतं चाचपून शोधायची सवय असते. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाने येणारं तेल कातडीत घुसतं. वर फक्त एक ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, माणूस कामाला लागतो, आणि काही तासांत बोट सुजून टणक होतं. तोवर आतलं मांस सडायला लागलेलं असू शकतं. लीक पुठ्ठा धरून शोधा, आणि असा ठिपका दिसला तर दुखण्याची वाट न बघता ताबडतोब सर्जनकडे जा. दुसरं म्हणजे फिटर कितीही अनुभवी असो, मशीनच्या पलीकडून ऑपरेटर काय करतोय हे त्याला दिसत नाही. शिफ्ट बदलताना तर नाहीच नाही. म्हणून जितकी माणसं कामावर तितकी कुलपं, आणि प्रत्येकाची किल्ली त्याच्याच खिशात. अमेरिकेत स्विचला कुलूप आणि ‘काम चालू आहे, स्विच लावू नका’ अशा पाटीचा हा नियम १९८९ पासून आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात लिहिलं होतं की वीज तोडणारा स्विच चुकून चालू होऊ शकत असेल तर त्याला कुलूप लावण्याची सोय हवी. चालत्या मशीनची तपासणी करणं भागच असेल तर ती खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायची, आणि ते कपडे मालकाने द्यायचे, हेही त्यात होतं. लाइन थांबवायला लागणारी ती दोन मिनिटं ज्यांना महाग वाटतात, त्यांनी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचं परिशिष्ट वाचावं. पूर्ण तर्जनी गेली तर कमावण्याची क्षमता १४ टक्के गेली असं त्यात धरलं होतं, अंगठ्याला ३० टक्के. तर्जनी नसलेल्या हाताने नट धरून बघा, म्हणजे हा हिशेब किती तोकडा आहे ते कळेल.

कुलपं, पाट्या, सेफ्टी ब्लॉक मालकाने आणून द्यायचे असतात. ठेकेदाराकडून आलेल्या हेल्परलाही, पहिल्याच दिवशी.